मदत हवी: मिसळीचं हॉटेल आणि मागे लॉज, इव्ही चार्जर कुठला बसवू? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

त्र्यंबक रोडला आमचं मिसळीचं हॉटेल आहे, मागे नऊ खोल्यांचं लॉज. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्या येतात, त्यात हिरव्या नंबरप्लेटा आता चांगल्याच दिसायला लागल्यात. खोली बुक करताना फोनवर पहिला प्रश्न असतो, "चार्जिंग आहे का?"

मागच्या महिन्यात एका पाहुण्याने खिडकीतून एक्स्टेन्शन ओढून गाडी रात्रभर लावली. सकाळी खोलीत जळका वास. प्लगच्या पिना बोर्डात वितळून चिकटलेल्या, पक्कडीने ओढल्या तर अर्धा बोर्डच हातात आला. तेव्हापासून खोलीतल्या प्लगवर गाडी लावायला बंदी केलीय, पण मग गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

एक विक्रेता ६० किलोवॅटचा डीसी फास्ट चार्जर गळ्यात मारायला बसलाय. म्हणे, "२०२७ चा कुंभमेळा येतोय, पैसे छापाल." आमचा सँक्शन लोड (महावितरणने मंजूर केलेली वीज) थ्री फेज २० किलोवॅट! दुसरा पर्याय ७.४ किलोवॅटचे दोन एसी चार्जर, टाईप २ गनचे (गन म्हणजे गाडीत खोचायचा प्लग).

मिसळ खाणारा पाऊण तास बसतो (पोरांना झोका सापडला तर तास). तेवढ्यात ७.४ वर साडेपाच युनिट जातील, म्हणजे पस्तीसेक किलोमीटर. त्यासाठी कोण थांबणार? मुक्कामी माणूस मात्र रात्री दहाला लावून सकाळी सहाला काढतो, ४५ युनिटची बॅटरीसुद्धा भरते. म्हणून माझा कल एसीकडे आहे.

अडतंय ते इथे: पहाटे नऊ गिझर, किचन आणि बोअरची मोटर एकदम चालते. त्यात दोन चार्जर म्हणजे आणखी १५ किलोवॅट. मेन पडणारच. शिवाय महावितरणचा चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, तर त्याच जागेत दुसरा मीटर कुणी घेतलाय का? आणि पैसे अ‍ॅपवर घ्यायचे की खोलीच्या बिलात?

प्रतिसाद १

डीसीचा नाद सोडा. त्याला लोड वाढवा, केबल बदला, आणि आठवडाभर मशीन माशा मारत उभं.

२२ किलोवॅट एसीही कुणी दाखवेल, घेऊ नका. एसीवर किती वीज घ्यायची ते गाडीतला चार्जर ठरवतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या ७ किंवा ११ किलोवॅटच्या वर घेत नाहीत.

गिझरचं म्हणाल तर चार्जर सेटिंगमधून ३२ ऐवजी १६ अँपिअरवर आणा. साधारण ३.७ किलोवॅट होतात, सात तासांत सव्वीसेक युनिट. वेळ रात्री दहा ते पहाटे पाच लावा, गिझरशी गाठच पडणार नाही. दोन्ही चार्जर वेगवेगळ्या फेजवर घ्या. अर्थिंग स्वतंत्र, एमसीबी (जास्त लोडला पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळती झाली की पडणारा स्विच) प्रत्येकाला वेगळी. घरातली साधी एसी टाईप आरसीसीबी चालत नाही, गाडीकडून येणारी डीसी गळती तिला कळत नाही.

ओसीपीपी (कुठल्याही कंपनीच्या अ‍ॅपशी चार्जर जोडता येणारी खुली पद्धत) आहे का ते आधी विचारा. नसेल तर मशीन त्यांच्याच अ‍ॅपला बांधलेलं. उद्या कंपनीने अ‍ॅप बंद केलं की भिंतीवर नुसता डबा.

धागाकर्ता

१६ अँपिअरचं कुणी बोललंच नव्हतं! वायरमनला उद्याच बोलावतो. दुसऱ्या मीटरचा अनुभव असेल त्यांनी लिहा, तोवर कोटेशनवर सही करत नाही.