हाकी माधुबुती: प्रकाशकाने कवीला मागे सारले का?

धागालेखक:
शिकागोचे कृष्णवर्णीय कवी हाकी माधुबुती (जन्म १९४२, पूर्वीचे नाव डॉन एल. ली) यांची वाटचाल पाहताना मला हळहळ वाटते. 'डोन्ट क्राय, स्क्रीम' (१९६९) या संग्रहातील जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनवरच्या कवितेत 'स्क्रीम' शब्दातला स्वर त्यांनी इतका ताणला आहे की, मोठ्याने वाचताना सॅक्सोफोन वाजवणाऱ्यासारखाच दम धरावा लागतो. अशा कवीने १९६७ साली कॅरोलिन रॉजर्स आणि जोहारी अमिनी या कवयित्रींसह 'थर्ड वर्ल्ड प्रेस' ही प्रकाशनसंस्था काढली आणि उमेदीची वर्षे इतरांची हस्तलिखिते व मुद्रिते तपासण्यात घातली. त्यांची नंतरची कविता मला बोधपर वाटते. इतरांची पुस्तके काढणारे पुष्कळ मिळाले असते.

प्रतिसाद १:
पुष्कळ मिळाले असते, हे गृहीतकच मला मान्य नाही. १९६० साली सैन्यात भरती होताना त्यांच्या हातात कृष्णवर्णीय गायक-नट व कार्यकर्ते पॉल रोबसन यांचे 'हिअर आय स्टँड' होते. गोऱ्या प्रशिक्षकाने ते हिसकावले, पाने फाडली आणि शौचाला वापरा म्हणून इतर जवानांना वाटली. ज्याने ऐन अठराव्या वर्षी हे सोसले, त्याला लिहिणाऱ्या हातांइतकेच छापणारे हातही आपले असावेत असे वाटले, यात नवल नाही. भांडवल होते चारशे डॉलर, जागा तळघरातील बिऱ्हाडाची आणि साधन एक सायक्लोस्टाइल यंत्र. (आपली साठोत्तरी अनियतकालिके आठवा, म्हणजे त्या शाईच्या वासाची किंमत कळेल.) पुढे स्वीकारलेल्या स्वाहिली नावातील 'हाकी' म्हणजे न्याय; आपला 'हक्क' ज्या अरबी शब्दातून आला, त्यातूनच तोही आला आहे. पुलित्झर मिळवणाऱ्या कृष्णवर्णीय कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स यांनीही हार्परसारखी मातब्बर संस्था सोडून कृष्णवर्णीयांच्या छोट्या प्रकाशनांना आपली पुस्तके दिली. अशी प्रकाशने उभीच नसती, तर त्या गेल्या कुठे असत्या?

प्रतिसाद २:
संस्थेचे मोल मान्य, पण तिचे सर्वांत गाजलेले पुस्तक कोणते? 'द कव्हनंट विथ ब्लॅक अमेरिका' २००६ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत पहिल्या स्थानी पोहोचले, आणि ते सामाजिक प्रश्नांवरील निबंधांचे आहे. कवितेसाठी निघालेली प्रेस विचारांची पेढी झाली, असे मला वाटते.

प्रतिसाद १:
ती केवळ कवितेसाठी निघालीच नव्हती. शिवाय छोट्या प्रकाशनात एका खपाऊ पुस्तकावर दहा न खपणारे संग्रह तगतात, हे प्रकाशन व्यवसायातला कोणीही सांगेल.

धागालेखक:
ब्रूक्स यांच्याबद्दलचा मुद्दा मी मान्य करतो. 'पुष्कळ मिळाले असते' हे माझे वाक्य उतावळे होते. तरीही काल रात्री कोल्ट्रेनवरची ती कविता पुन्हा मोठ्याने वाचली, आणि तो लांबलेला स्वर ज्याला सुचला त्याने आणखी लिहायला हवे होते, हे माझे म्हणणे काही सुटले नाही.