उपग्रहाला दिसते ती विष्ठा

इथल्या चर्चेत कोणीतरी म्हटलंय की उपग्रहातून पेंग्विन एकेक करून मोजतात. लँडसॅट या उपग्रहाच्या बाबतीत तरी तसं नाही. त्याचा एक पिक्सेल ३० मीटरचा, त्यात मीटरभर उंचीचा एम्परर पेंग्विन कुठे दिसणार? दिसते ती त्यांची विष्ठा. पांढऱ्या समुद्री बर्फावर महिनोन्‌महिने एकाच जागी हजारो पक्षी उभे राहिले की तपकिरी डाग पडतो, आणि बर्फावर तसल्या रंगाचं दुसरं काही नसतंच. २००९ साली ब्रिटिश संशोधकांनी हे डाग शोधून एम्पररच्या १० नव्या वसाहती सापडवल्या. अंटार्क्टिकाजवळच्या डेंजर आयलंड्स या बेटांवरही आधी लँडसॅटमध्ये डाग दिसले, मग माणसं बोटीने गेली, ड्रोन उडवले, आणि २०१८ला आकडा आला: अडेली पेंग्विनच्या साडेसात लाखांहून जास्त जोड्या. म्हणजे मोजणी शेवटी जवळूनच झाली, उपग्रहाने फक्त पत्ता दिला.

ढग आले की उपग्रहाला खालचं काही दिसत नाही, हा चर्चेतला मुद्दा मात्र शंभर टक्के पटला. मी ठाणे खाडीच्या कांदळवनाचे नकाशे करतो. जून ते सप्टेंबर माझ्या स्क्रीनवर नुसता कापूस. नाइलाजाने सेंटिनेल-१ या उपग्रहाची, ढगांआरपार बघणारी रडार चित्रं घ्यावी लागतात. ध्रुवावर ढगांच्या जोडीला हिवाळाभर अंधारही, त्यामुळे समुद्री बर्फावर नजर ठेवायला तिथेही रडार कामी येतं. पण रडारला रंग कळत नाही, डाग शोधायला उजेडाचीच वाट बघावी लागते. (एवढ्याशा पक्ष्याचा डाग अवकाशातून कसा दिसेल असं वाटत असेल तर राणीच्या बागेत पेंग्विनच्या पायाखालचे दगड जरा निरखून बघा.)