दोष एकट्या पीट कॅरलवर नको
२०१५ च्या सुपर बोलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात) गोलरेषेपासून एका यार्डावरून धावपटू मार्शॉन लिंचला चेंडू न देता पास टाकायला लावणं हा सिअ‍ॅटलचा प्रशिक्षक कॅरलचा मूर्खपणा, असं तेव्हा क्रीडा पत्रकारांनी लिहिलं आणि अजूनही काहीजण तेच उचलून धरतात. मला ते मुळीच पटत नाही. उरले होते २६ सेकंद, सिअ‍ॅटलकडे टाइमआउट एकच. लिंच अडला असता तर घड्याळ थांबवायला तो टाइमआउट तिथेच खर्ची पडला असता. पास नुसता खाली पडला असता तर घड्याळ आपोआप थांबून पुढे दोनदा धाव घेता आली असती. शिवाय समोरच्या न्यू इंग्लंडने धाव अडवायला धिप्पाड गडी उभे केले होतेच.

कौतुक व्हायला हवं न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरचं. ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) कोणी न निवडलेला, पहिल्याच मोसमातला पोरगा! सरावात याच डावाला तो फसला होता, त्यामुळे डाव त्याच्या ओळखीचा होता. सामन्यात त्याचा साथीदार ब्राउनरने सिअ‍ॅटलच्या कर्सला जागीच दाबून धरलं आणि बटलर, ज्याच्याकडे पास जात होता त्या लॉकेटच्या पुढे झेपावला. सिअ‍ॅटलचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा) विल्सनचा पास थेट त्याच्या हातात. न्यू इंग्लंड २८-२४ ने विजयी, खेळ खल्लास. हरलेल्या प्रशिक्षकाला झोडपताना ही तयारी बऱ्याच लेखांत दोन ओळींत उरकली गेली, याचा मला अजून राग येतो. न्यू इंग्लंडचा तेव्हाचा प्रशिक्षक बेलिचिकने टाइमआउट न घेता घड्याळ पळू दिलं, त्यावरही कोणीतरी सविस्तर लिहा.