मदत हवी आहे: कॉम्प्युटर मधेच बंद पडून आपोआप चालू होतोय, पत्रिकांचं काम अडकलंय

पंचवटी_डीटीपी
नमस्कार मंडळी, प्लीज लवकर सांगा कोणीतरी. घरचा कॉम्प्युटर गेले आठ-नऊ दिवस मधेच खटकन बंद पडतो आणि आपोआप परत चालू होतो. कधी दिवसातून दोनदा, कधी पाचदा, कधी अख्खा दिवस काहीच नाही. मी घरूनच डीटीपी करतो, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर मांडायचं काम, लग्नपत्रिका, आणि सध्या सीझन आहे. काल रात्री एका पत्रिकेत निमंत्रकांची नावं टाकत होतो, चाळीसेक नावं झाली होती, मामा-मामी आत्या सगळे, खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' वाली पोरंटोरं राहिली होती तेवढ्यात स्क्रीन काळी. गेलं सगळं. व्हायरस नाहीये, लाईटचा प्रॉब्लेम नाही, लाईट गेली तर बॅटरीवर चालवणारा यूपीएस आहे, विंडोज मागच्याच महिन्यात नवीन टाकलंय. फॉरमॅट सोडून काय ते सांगा.

गोदाकाठ
हीट. शंभर टक्के हीट. एप्रिल महिना, नाशिकला बाहेर चाळीस, आणि तुमची खोली बहुतेक पत्र्याची किंवा वरच्या मजल्यावरची असणार. माझं मागच्या उन्हाळ्यात सेम झालेलं. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या फॅनखाली धुळीचा नुसता नमदा बसलेला, बोटानी उचलला तर अख्खा तुकडा निघाला, आणि फॅनच्या चार पिनांपैकी एक पिन बोर्डातून सुटून वर आलेली, म्हणजे कूलर एका बाजूनी अधांतरी. धूळ काढा, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट नवी लावा, तुरीच्या दाण्याएवढीच, जास्त नको.

जुनं_सिडको
पहिले रॅम काढा, त्याचे सोनेरी पाय खोडरबरानी पुसा, पांढरं साधं रबर घ्या, रंगीत नको. परत घट्ट बसवा, दोन्ही बाजूचे लॉक टक करून लागले पाहिजेत. दहापैकी सात कॉम्प्युटर एवढ्यावर चालू होतात. दुकानवाला याचेच पैसे घेतो.

उबंटूप्रेमी
विंडोज ओरिजिनल आहे का? लिनक्स टाका, सहा वर्षं वापरतोय एकदाही बंद पडलं नाही, आणि पत्रिका इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सुंदर होतात, युनिकोड मराठी नीट चालतं.

पंचवटी_डीटीपी
@उबंटूप्रेमी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काम आहे माझं, सगळ्या जुन्या फाइली श्रीलिपीच्या मराठी फॉन्टमध्ये, गिऱ्हाईक जुनीच पत्रिका काढून फक्त नावं बदलून मागतं. लिनक्स आत्ता शक्य नाही.
@गोदाकाठ खोली तळमजल्यावर आहे, गार असते. तरी धूळ काढतो.
@जुनं_सिडको रबर केलं. फरक नाही, तासाभरात परत गेला.

सातपूर_पॅनल
दादा, एकेक करून सांगा, नाहीतर सगळे अंधारात तीर मारत बसतील. बंद पडताना निळी स्क्रीन दिसते का? बंद पडतो म्हणजे 'शटिंग डाऊन' येतं का बटण दाबल्यासारखा जातो? कॉन्फिगरेशन काय, एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) किती वॅटचा, यूपीएस किती व्हीएचा आणि किती जुना, आणि यूपीएसला काय काय जोडलंय?
आणि हे करा: स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. तिथे लाल खुणेचे कर्नल-पॉवर ४१ शोधा, उघडा, डिटेल्समध्ये बगचेक कोड काय आहे बघा. शून्य असेल तर विंडोजला मरायची खबरच लागली नाही, म्हणजे करंट गेला किंवा हार्डवेअर अडकलं. आकडा असेल तर तो क्रॅश आहे, मग ड्रायव्हर नाहीतर रॅम.

गोदाकाठ
@सातपूर_पॅनल ते ४१ सगळ्यांनाच असतं हो. बटण दाबून धरून बंद केला तरी येतं. तापमान बघायचं सोडून लॉग वाचत बसले तर बोर्ड जळेल तोवर.

सातपूर_पॅनल
४१ चा अर्थ एवढाच की नीट शटडाऊन न होता परत चालू झाला, बरोबर आहे तुमचं. म्हणून तर कोड विचारला. आणि हीट म्हणताय तर बघा, प्रोसेसर शंभर अंशाजवळ गेला की आधी स्वतःचा स्पीड कमी करतो, काम रखडायला लागतं, फॅन बोंबलतो, आणि तरी नाही भागलं तर बंद होतो आणि बहुतेक वेळा बंदच राहतो. यांचा आपोआप चालू होतोय. म्हणून मी हीट पहिल्या नंबरवर धरत नाही. तपासू नका असं नाही म्हणत, एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून पाच मिनिटात कळेल.

देवळाली_रिटायर्ड
मुलांनो, अर्थिंग कोणीच विचारलं नाही. मल्टीमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज बघा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. आमच्या जुन्या घराला अर्थिंगची तार होती पण खड्ड्यातली प्लेट कधीच खाऊन गेली होती, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. प्लेट नवी टाकून खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी घालावं लागतं. लोडशेडिंगच्या काळात २००५-०६ ला आमच्याकडे दिवसाचे कितीतरी तास लाईट नसायची, तेव्हा मुलाच्या दहावीचं वर्ष, ट्रकच्या बॅटरीवर इन्व्हर्टर करून घेतला होता एकाकडून, अजून त्याचा ट्रान्सफॉर्मर माळ्यावर आहे.

पंचवटी_डीटीपी
निळी स्क्रीन नाही. बटण दाबल्यासारखा जातो, दोन-तीन सेकंदांनी फॅन सुरू होतो आपोआप. बगचेक कोड शून्य, सगळ्यांचे शून्य. आय-फाइव्ह दहावी जनरेशन, सोळा जीबी, एसएमपीएस ४५० वॅट, ग्राफिक कार्ड नाही. यूपीएस ६०० व्हीए, चार वर्षं झाली, चांगला चालतोय. यूपीएसला कॉम्प्युटर, मॉनिटर आणि जे असतं नेहमीचं ते.
तापमान बघितलं, कोरलमध्ये पन्नास-पंचावन्न. धूळ काढली तरी काल संध्याकाळी दोनदा.
काकांनी सांगितलं ते अर्थिंग वायरमन बोलावून बघतो.

गोदाकाठ
पन्नास-पंचावन्न म्हणजे ठीक आहे. बरं, मग एसएमपीएस. आत कपॅसिटरची टोपी फुगली असेल. दुसरा लावून बघा कोणाचातरी.

सातपूर_पॅनल
'जे असतं ते' म्हणजे काय दादा? लिहा ना नीट. त्यावरच सगळं आहे.

जुनं_सिडको
रबरानी दोन्ही स्लॉटच्या रॅम पुसल्या का एकच? एकच रॅम ठेवून चालवून बघा, मग दुसरी. आणि विंडोज मेमरी डायग्नोस्टिक रात्रभर लावा.

नाशिकरोडची
मी हार्डवेअरवाली नाही, पण आमच्याकडे झालं होतं म्हणून विचारते. कॉम्प्युटर जातो त्याच वेळी वायफाय जातं का हो तुमचं?

पंचवटी_डीटीपी
@नाशिकरोडची ताई हो जातं! पण ते मला वाटलं कॉम्प्युटर बंद झाला म्हणून जातं. वरच्या मजल्यावर भाचा राहतो, कॉलेजला आहे, तो रोज ओरडतो, मामा तुमचं वायफाय सारखं जातं, मी प्रिंट दिली की जातं.

नाशिकरोडची
कॉम्प्युटर बंद झाला म्हणून राउटर कसा बंद होईल, त्याचा ॲडाप्टर वेगळा असतो. राउटर यूपीएसवरच आहे ना? मग दोन्ही एकदम जातात म्हणजे यूपीएसच्या आउटपुटचाच लाईट जातोय. आणि भाचा कशावर प्रिंट देतो?

पंचवटी_डीटीपी
माझ्याच लेझर प्रिंटरवर, मोबाईलवरून वायफायने, प्रोजेक्टची पानं. प्रिंटर यूपीएसलाच आहे, त्याच्याच मागच्या सॉकेटला, पहिल्यापासून तिथेच. तो पण लिहायचा होता का?

सातपूर_पॅनल
तोच तर लिहायचा होता! 😀 आता ऐका. लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर वितळवून चिकटवायला फ्यूजर असतो, म्हणजे आत हीटरच. झोपलेला असताना प्रिंटर काही वॅट खातो, पण प्रिंट आली की फ्यूजर तापवायला त्या क्षणी आठशे-हजार वॅट ओढतो. तुमचा यूपीएस ६०० व्हीए म्हणजे सुमारे ३६० वॅट. कंपन्या मॅन्युअलमध्ये लिहितात यूपीएसला लेझर प्रिंटर लावू नका म्हणून, ते याच्यासाठीच. लाईट चांगली असेल तर यूपीएस मेनचाच करंट पुढे देतो म्हणून निभावतं. पण संध्याकाळी व्होल्टेज २३० चं २०० च्या खाली येत असेल, त्यात फ्यूजरनी ओढलं की यूपीएसला वाटतं लाईट गेली, तो बॅटरीवर टाकतो, आणि चार वर्षांची बॅटरी तो भार एक सेकंदही उचलत नाही. आउटपुट पडतं, मग मेन असतंच म्हणून परत येतं. तुमच्या बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगांमध्ये, करंट परत आला की आपोआप चालू व्हायचं सेटिंग असणार.
यूपीएसचा आवाज येतो का त्या वेळी?

पंचवटी_डीटीपी
येतो, टिक्-कूं करून. तो तर कधीही येतो, म्हणून लक्षच दिलं नाही. पण मी स्वतः प्रूफ काढतो तेव्हा दरवेळी नाही बंद पडत, एकदोनदाच झालं.

सातपूर_पॅनल
तुम्ही लागोपाठ काढता तेव्हा फ्यूजर गरम असतो, कमी ओढतो. भाचा मधेच गार झालेल्या प्रिंटरला उठवतो. लॉगमधल्या ४१ च्या वेळा लिहून काढा आणि भाच्याच्या मोबाईलमधल्या प्रिंटच्या वेळांशी ताडून बघा. ४१ ची वेळ परत चालू झाल्यानंतरची असते, एखाद मिनिट मागे धरा.

गोदाकाठ
एक शंका. यूपीएस बॅटरीवर जायला साधारण दहा मिलिसेकंदांच्या आत घेतो, आणि चांगला एसएमपीएस पंधरा-सोळा मिलिसेकंद कळ काढतो. म्हणजे नुसत्या बदलानी जायला नको. एसएमपीएस पण मार खाल्लेला आहे असं माझं म्हणणं.

सातपूर_पॅनल
बरोबर, नुसत्या बदलानी जाऊ नये. पण इथे बदलून पुढे काही मिळतच नाही ना. आधी बॅटरी, मग उरलं तर एसएमपीएस. एकदम दोन गोष्टी बदलल्या तर कशानी बरं झालं ते कळणार नाही.

देवळाली_रिटायर्ड
आमच्या वेळेस प्रत्येक टीव्हीला आणि फ्रिजला स्टॅबिलायझर असायचाच. आता कोणी ठेवत नाही.

पंचवटी_डीटीपी
वेळा ताडल्या. लॉगमध्ये सहा आहेत गेल्या तीन दिवसातले. चार वेळा भाच्यानी प्रिंट दिलेली आहे, मिनिटभर मागेपुढे. एक माझ्या प्रूफची, सकाळची पहिली. सहावी सापडत नाही. रविवारी भाचा गावाला गेला होता, रविवारी एकही नाही.
मग आज फाइल सेव्ह करून यूपीएसजवळ बसलो आणि भाच्याला वरून एकच पान द्यायला सांगितलं. प्रिंटर घरघरला, खोलीतला बल्ब जरा मंद झाला, यूपीएसमध्ये टक् असा रिलेचा आवाज, लाल दिवा, कूं, आणि सगळं काळं. राउटरचे दिवे पण गेले. मग परत टक्. डोळ्यासमोर झालं. आठ दिवस मी कॅबिनेट उघडून रॅम घासत बसलो होतो आणि यूपीएस पायाजवळ ओरडत होता. ताई, दादा, खरंच आभार, किती त्रास झाला होता सांगू शकत नाही, एका वधूपित्याला दोनदा उद्या या म्हणून सांगावं लागलं, लग्नघरच्या माणसाला असं परत पाठवताना फार वाईट वाटलं.
प्रिंटर आता भिंतीच्या सॉकेटला लावू का? एक्स्टेन्शन बोर्ड चालेल?

सातपूर_पॅनल
सरळ भिंतीच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला. स्वस्तातल्या बारीक वायरीच्या बोर्डला नको. आणि बॅटरी बदलाच, प्रिंटर काढला तरी जुन्या बॅटरीवर लाईट गेल्यावर सेव्ह करायलाही वेळ मिळणार नाही. बहुतेक १२ व्होल्ट ७ एएचची असेल, स्टिकर बघून तीच घ्या. यूपीएसचा प्लग भिंतीतून काढल्याशिवाय उघडू नका. लाल-काळी वायर उलटी लावू नका, काढायच्या आधी फोटो काढून ठेवा. उन्हाळ्यात यूपीएस टेबलाखाली कोपऱ्यात कोंबू नका, तापमान दहा अंश वाढलं की असल्या बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

नाशिकरोडची
जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका हं, आत शिसं आणि ॲसिड असतं. नवी घेता त्या दुकानात परत द्या, थोडे पैसे पण कमी करतात.

उबंटूप्रेमी
ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा. कोरलमध्ये टूल्स, ऑप्शन्समध्ये बॅकअप. हे कुठल्याही सिस्टिमवर उपयोगी.

जुनं_सिडको
तरी रॅम एकदा तपासून घ्या. सहावा रिस्टार्ट सापडला नाही म्हणालात.

पंचवटी_डीटीपी
अपडेट. बॅटरी काढली तर दोन्ही बाजूंनी फुगलेली, यूपीएसच्या डब्यातून निघेना, स्क्रू ड्रायव्हरनी हळूहळू सरकवून काढली. वायरमननी मीटर लावला, नुसती ठेवली तर १२.४ दाखवत होती, बल्ब लावल्याबरोबर नऊच्या खाली. नवी टाकली. प्रिंटर भिंतीला. अर्थिंग पण बघितलं, ते ठीक आहे. पाच दिवस झाले, एकही ४१ नाही, भाच्याचा अख्खा प्रोजेक्ट छापून झाला. मेन स्विच पाडून बघितला, दहा मिनिटं आरामात चालला. सहावा कशाचा होता ते नाही कळलं, संध्याकाळी साडेसातचा होता, कदाचित कोणी इस्त्री लावली असेल. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर केलंय. ती पत्रिका काल छापायला गेली, सगळी नावं परत टाकून.

सिन्नरफाटा
याच धाग्यात विचारतो, माझ्या लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही, बहुतेक बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावून वापरला तर चालेल का?

सातपूर_पॅनल
अजिबात नाही. ती लिथियमची आहे, पेट घेऊ शकते. आत्ता बंद करा, चार्जर काढा, टचपॅड दाबून खाली बसवायला जाऊ नका. नवीन धागा काढा आणि मॉडेल लिहा.