मदत हवी आहे: मेन सारखा पडतोय, चांगला इलेक्ट्रिशियन हवा (तातडीचं)

कृष्णाकाठ, सोमवार रात्री ९:४०
घरचा मेन गेल्या बुधवारपासून सारखा पडतोय. कधी वर केला की लगेच, कधी तासाभरानं. दोन वायरमन येऊन गेले. पहिल्यानं एक एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा छोटा स्विच) बदलला, साडेसहाशे घेतले, दुसऱ्या दिवशी परत तेच. आई-बाबा दोघंच आहेत, आईला रात्री नेब्युलायझर लागतो. कुणाच्या माहितीत खात्रीचा माणूस असेल तर कृपया आजच सांगा. पैशांचा प्रश्न नाही.

भिजलेली_वाट, ९:४६
गाव?

नाचणीसत्त्व, ९:५२
मोबाइलवरून घरगुती सेवा मागवता येते ते ॲप वापरा. दर आधीच दिसतो, घासाघीस नाही. आमच्याकडे बाणेरला पाऊण तासात माणूस हजर होता.

कृष्णाकाठ, ९:५५
कराड. मी पुण्यात असते, घर कराडला. तिथे ते ॲप चालत नाही, बघून झालंय.

दुपारचा_चहा, १०:०३
१९१२ ला फोन लावा. महावितरणचा चोवीस तास चालतो. तक्रार क्रमांक घ्या म्हणजे टाळाटाळ करता येत नाही.

तारतंत्री, १०:१०
१९१२ चा इथे उपयोग नाही. मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची, त्यांचा माणूस मीटरपर्यंत सप्लाय बघून जाईल. शेजारी पण त्रास असेल, दिवे मधेच जास्त उजळत किंवा मंद होत असतील, तर मात्र लगेच कळवा. तो लाईनचा न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) सुटल्याचा प्रकार असतो, त्यात टीव्ही-फ्रिज जळतात. शेजाऱ्यांकडे ठीक आहे का? आणि ‘मेन’ म्हणजे नक्की काय पडतंय? फ्यूज, एमसीबी की आरसीसीबी? फोटो टाका.

दुपारचा_चहा, १०:१४
आमच्या सोसायटीत १९१२ वाल्यांनीच दोष शोधून दिला होता. अनुभव सांगतोय.

तारतंत्री, १०:१७
सोसायटीत तो मीटर रूममधला दोष असणार. इथे स्वतंत्र घर दिसतंय.

कृष्णाकाठ, १०:३१
शेजारी काही त्रास नाही. बाबांनी फोटो पाठवला, पण इथे चढत नाहीये. वाचून लिहिते: ४० ए, ३० एमए, आणि छोटं बटण आहे त्यावर टी. घर १९९४ चं, स्वतंत्र, वर गच्ची. डीबी, म्हणजे एमसीबी असतात तो बोर्ड, चार वर्षांपूर्वी नवीन केला, आतली वायरिंग जुनीच.

तारतंत्री, १०:३८
म्हणजे आरसीसीबी. जास्त लोडमुळे पडतो तो एमसीबी. आरसीसीबी बघतो फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत येतोय का. फरक तीस मिलीअँपिअरपर्यंत गेला की तो पडणारच, म्हणजे कुठून तरी करंट जमिनीत चाललाय. म्हणून एमसीबी बदलून काही झालं नाही. बाबांना सांगा, कोरडी चप्पल घालून सगळे एमसीबी खाली करा आणि फक्त आरसीसीबी वर करा. तरी पडतो का, एवढंच कळवा. बोर्डाजवळ ओल असेल तर हात लावू नका.

शेवंती, १०:४४
माझ्याकडेही असाच पडत होता. तीसऐवजी शंभर मिलीअँपिअरचा बसवला, तीन वर्षं झाली, एकदाही पडलेला नाही. हजार-दोन हजारांत काम होतं.

तारतंत्री, १०:४९
शेवंतीताई, तुमचा पडत नाही, पण गळती तशीच आहे. शंभरचा आग लागू नये म्हणून असतो. माणसाचा जीव वाचवायला तीसच लागतो. कृपया हा सल्ला देऊ नका आणि स्वतःच्या घरचंही तपासून घ्या.

शेवंती, १०:५३
आमच्या इलेक्ट्रिशियनला पंचवीस वर्षांचा अनुभव आहे हो. जुन्या घरात थोडी गळती असतेच म्हणाला.

भिजलेली_वाट, १०:५८
असते, पण थोडी. तारतंत्री बरोबर सांगताहेत. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या घरात बोर्ड उघडले तर प्रत्येक स्विचमागे गाळ होता. वरून पुसून घेतलेला बोर्ड कोरडा दिसतो, आत हातानं खरवडून काढावा लागतो. घाईनं सप्लाय चालू करायचा म्हणून आरसीसीबी बाजूला ठेवायला मोठा भाऊ निघाला होता. वहिनीनं हात धरला. दुसऱ्या दिवशी कळलं, मोटरची बॉडी जिवंत होती. अंगणातल्या त्याच मोटरवर पोरं पाय ठेवून उभी राहायची.

सुपारी, ११:०५
२०२४ च्या सरकारी सूर्यघर योजनेत घरावरच्या सौर पॅनेलला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान जाहीर झालं होतं. त्याच वेळी नवीन अर्थिंग, नवीन डीबीही करून घेता येईल. एकदाच काय तो खर्च. हवी असल्यास माहिती देतो.

नाचणीसत्त्व, ११:०९
सुपारी, त्यांच्या घरी आत्ता दिवा नाही.

कृष्णाकाठ, ११:१५
दिवा आहे. नीट सांगायला हवं होतं, घाईत राहिलं. दुसरा वायरमन काल आला होता, तो म्हणाला हे यंत्र फार नाजूक असतं, पावसाळ्यात असं करतंच, आणि त्यानं ते बाजूला करून डायरेक्ट करून दिलं. कालपासून काही पडत नाहीये. पण आज संध्याकाळी आई हात धुवायला गेली तर बाथरूमच्या नळाला मुंग्या आल्यासारखं झालं म्हणते. बाबा म्हणतात तिला भास झाला. मला काही सुचत नाहीये. गिझर सकाळी फक्त लावतात.

तारतंत्री, ११:१८
आत्ता फोन करा. गिझरचा स्विच बंद, नळाला कुणी हात लावायचा नाही, नेब्युलायझरपुरतं एखादं सर्किट ठेवून बाकी एमसीबी खाली. आईंना भास झालेला नाही. आधी जे पडत होतं ते तुमचं रक्षण करत होतं, त्यालाच त्या माणसानं काढून टाकलंय. संध्याकाळी म्हणजे किती वाजता? तेव्हा घरात कुठले दिवे चालू होते?

कृष्णाकाठ, ११:३४
बोलले. बाबांनी सगळं खाली केलं, त्यांच्या खोलीचं एक ठेवलंय. कळशीत पाणी भरलेलं आहे, सकाळपर्यंत पुरेल. आई म्हणते सात-साडेसात. जिन्यावर शेवाळ झालंय म्हणून गच्चीतला दिवा दिवेलागणीला लावतात, तो लागलेला होता.

मिरजेची_माती, ११:४१
मे महिन्यात किंवा त्यानंतर इन्व्हर्टर बसवलाय का? माझा अनुभव आहे, इन्व्हर्टरवाले पोरगे न्यूट्रल एकमेकांत मिसळून टाकतात आणि आरसीसीबी पडायला लागतो. शंभर टक्के तेच असणार.

कृष्णाकाठ, ११:४४
हो, मेमध्येच बसवला.

मिरजेची_माती, ११:४५
बघा.

तारतंत्री, ११:५२
इन्व्हर्टर तपासायलाच हवा. पण त्यानं पडायचं तर मेपासून पडला असता, हा पाऊस लागल्यावर पडतोय. आणि सगळे एमसीबी खाली करून पडत होता का, हे उत्तर अजून आलेलं नाही.

कृष्णाकाठ, ११:५८
बाबांना विचारलं. पहिल्या वायरमनसमोर केलं होतं, तरी पडला होता. म्हणूनच त्यानं ‘आरसीसीबी खराब’ म्हटलं.

तारतंत्री, मंगळवार ००:१०
तो खराब नसावा. आपल्या डीबीतले छोटे एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. एखाद्या सर्किटचा न्यूट्रल कुठे अर्थला चिकटला असेल तर सगळे एमसीबी खाली करूनही आरसीसीबी पडतो, आणि लाईनवरच्या लोडप्रमाणे कधी लगेच, कधी तासानं. माझा संशय गच्चीच्या दिव्यावर आहे. जुन्या घरांत तिथे नुसती टेप मारलेला जोड असतो, पाइपमधून पाणी उतरतं. दिवा लावला की फेजही तिथे पोचतो, मग तो अर्थच्या तारेतून घरभर फिरतो. नळाला जाणवलं याचा अर्थ अर्थिंगही नीट राहिलेलं नाही. लांबून एवढंच सांगता येतं.

जो येईल त्याच्याकडे मेगर (तारेतून गळती होते का ते मोजायचं यंत्र) आहे का, हे फोनवरच विचारा. लाल दिव्याचा टेस्टर घेऊन येणाऱ्याला हा दोष सापडणार नाही. इन्व्हर्टर आणि आरसीसीबी सोडवून, पाचशे व्होल्टवर प्रत्येक सर्किट अर्थशी तपासायचं, किमान एक मेगाओहम यायला हवं. मेगर नसेल तर मेन बंद करून न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक तार सोडायची आणि दरवेळी आरसीसीबी टिकतो का बघायचं. सावकाशीचं काम आहे.

दुपारचा_चहा, ००:१६
पण असा माणूस शोधायचा कुठे, हाच तर मूळ प्रश्न होता.

शेवंती, ००:२२
इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा. तेच सगळ्यांना पाठवतात.

भिजलेली_वाट, सकाळी ७:०५
दुकानदार त्याच्याकडून माल उचलणाऱ्याचं नाव देतो. त्यापेक्षा आयटीआयमध्ये वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्री (वायरमन) हे अभ्यासक्रम शिकवणारे निदेशक असतात, त्यांना फोन करा. कुठला विद्यार्थी डोकं लावून काम करतो हे त्यांना पाठ असतं. आमचा माणूस तसाच मिळाला. वायरमनचा परवाना बघायला मागा, लाजू नका.

नाचणीसत्त्व, ७:४०
एक विचारू का, हे लोक दर का सांगत नाहीत? आमच्याकडे एकजण वीस मिनिटांत आठशे घेऊन गेला. काय केलं विचारलं तर म्हणे जोड घट्ट केला. जोड घट्ट करायचे आठशे?

तारतंत्री, ८:१५
मी एकोणीस वर्षं हे काम करतोय, म्हणून मनापासून लिहितो. आम्हाला वस्तू बदलायचे पैसे मिळतात, शोधायचे मिळत नाहीत. तीन तास शिडीवर चढून, भिंतीला कान लावून दोष काढला आणि दोन रुपयांचा कनेक्टर लावला, तर गिऱ्हाईक म्हणतं, काही बदललं तर नाही, शंभर घ्या. तेच एक एमसीबी बदलला की साडेसहाशे विनातक्रार देतं. मग पोरं काय शिकणार? एमसीबी बदलायला शिकतात. परत पडला की डायरेक्ट करायला शिकतात, कारण डायरेक्ट केल्यावर गिऱ्हाईक खूश होतं. कृष्णाकाठताई, जो येईल त्याला आधीच सांगा, दोष शोधायचे तासाप्रमाणे देईन, वस्तू लागो न लागो. त्यानं काम बदलतं.

मिरजेची_माती, ८:२१
हे पटलं. तरी इन्व्हर्टर आधी बघा.

सुपारी, ८:३०
विषयाला धरून नाही, पण ज्यांचं घर जुनं आहे त्यांनी गिझरला चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार घ्यावी. माझ्याकडे दीडच्या तारेवर दोन किलोवॅटचा चालत होता, सॉकेट काळं पडलं तेव्हा कळलं.

कृष्णाकाठ, मंगळवार रात्री १०:२०
सगळ्यांचे आभार. भिजलेली_वाट, तुमचं ऐकून सकाळी आयटीआयमधल्या एका सरांना फोन केला. त्यांनी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचा नंबर दिला. मेगर आहे का विचारलं तर तो म्हणाला, आहे, पण मला वेळ लागेल, घाई करणार नसाल तरच येतो. मी सुट्टी टाकून कराड गाठलं, मला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

साडेअकराला आला तो साडेतीनला गेला. आधी अर्धा तास नुसता घरभर हिंडला आणि आईला विचारत राहिला, नळाला कुठे लागलं, डावा हात की उजवा, पाय ओले होते का. कुणीतरी तिचं खरं धरलं याचंच तिला बरं वाटलं. इन्व्हर्टर सोडवून तपासला, तिथे जोडणी बरोबर होती. मग एकेक सर्किट. गच्चीच्या सर्किटला काटा शून्याजवळ. दिव्याखालचा बॉक्स उघडला तर आतून वाटीभर पाणी निघालं. टेप भिजून लिबलिबीत झालेली, खाली न्यूट्रल आणि अर्थची तार एकमेकींना चिकटून हिरवट पडल्या होत्या, फेजचा जोड त्याच पाण्यात. तारतंत्री, तुम्ही सांगितलं होतं अगदी तसंच.

मागच्या अंगणात अर्थिंगच्या खड्ड्यापाशी तार गंजून नुसती टेकलेली आहे. त्यानं बोटानं हलवली तर हातात आली.

गच्चीचं सर्किट सध्या तोडून ठेवलंय. जुनाच आरसीसीबी परत जोडला, टीचं बटण दाबून पडतो का बघितलं, पडला. दुपारी साडेतीनपासून आत्तापर्यंत टिकून आहे.

पंधराशे मागितले. बाबा म्हणाले, अरे एक वस्तू बदलली नाहीस. मी त्याच्या खात्यावर लगेच पाठवले, आणि रात्री बाबांना तारतंत्रींची सकाळी ८:१५ ची पोस्ट वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण शनिवारी तो येईल तेव्हा जेवायलाच बोलाव म्हणाले.

शेवंती, १०:३६
वाचून बरं वाटलं. मी पण बोलावते कुणालातरी. आमच्याकडे गिझरला कधीकधी चुरचुर येते, ते काय असेल?

तारतंत्री, १०:३९
शेवंतीताई, गिझर बंद करा आणि नवीन धागा काढा. त्यात घराचं वय, गाव, गिझर कितीचा, अर्थिंग शेवटचं कधी बघितलं, सगळं लिहा. मी जागा आहे.

मिरजेची_माती, १०:४४
इन्व्हर्टर नव्हता, मान्य. त्यांचा नंबर मिळेल का? आमच्या बहिणीचं घर उंब्रजला आहे.

कृष्णाकाठ, १०:५०
त्याला विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. अर्थिंगचा नवा खड्डा शनिवारी करणार आहे, तोवर गिझर बंदच. आई चुलीवर पाणी तापवतेय.