पायथन ३.१० चं ३.१२ केल्यावर लायब्ररी लोड होईनात, काय करू? (खर्च शून्य)

शिरोली_सेकंड_शिफ्ट: नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. काट्यावरून कास्टिंगची वजनं सिरीयल केबलनं घेऊन एक्सेल रिपोर्ट काढणारी पायथन भाषेतली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) आहे. विंडोज १०, ४ जीबी रॅम. सर्व्हिसवाल्यानं पायथन ३.१० काढून ३.१२ टाकलं. आता नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी, म्हणजे तयार कोड) इम्पोर्टलाच एरर येतोय, शिवाय आधी पायथनबरोबरच यायचं ते 'डिस्टयुटिल्स' मॉड्यूल सापडत नाही म्हणतंय. सकाळच्या शिफ्टआधी चालू व्हायला पाहिजे. मालक रुपया देणार नाहीत, नवीन मशीन सुचवू नका.

उद्यमनगर_टर्नर: एसएसडी टाक आणि रॅम ८ कर. आमच्याकडं टाकली, मशीन नुसतं पळतंय.

रंकाळा_कोडर: भावा, विंडोज सोड, उबुंटू (फुकटची लिनक्स सिस्टीम) टाक.

गूळ_मार्केट: उबुंटूत काय वेगळं? २२.०४ चं २४.०४ केलं की तिथंबी ३.१० जाऊन ३.१२ येतंय. माझे सगळे व्हीएन्व्ह (एकेका कामासाठी वेगळ्या ठेवलेल्या लायब्रऱ्यांचे फोल्डर) बंद पडले.

रंकाळा_कोडर: पडणारच. पायथन बदललं की व्हीएन्व्ह नव्यानं करायचा. सिस्टीमच्या पायथनवर काम कोण करतं?

गूळ_मार्केट: आम्ही करतो. अडतीचा सगळा हिशोब त्यावर चालतोय.

गोकुळ_शिरगाव_क्यूसी: त्याचं काम अडलंय, मुद्द्याचं बोला. शिरोलीकर, नमपायचा एरर पूर्ण वाच. कुठलं पायथन आणि कुठलं नमपाय, ते खाली लिहिलेलं असतं. मग साईट-पॅकेजेसमध्ये (लायब्रऱ्या बसतात तो फोल्डर) नमपायच्या 'कोअर' फोल्डरमधल्या पीवायडी (कंपाइल केलेल्या) फायली बघ. नावात 'सीपी३१०' (म्हणजे पायथन ३.१०) असलं तर कुणीतरी जुना फोल्डर उचलून नव्यात टाकलाय. त्या फायली ३.१० साठी कंपाइल झालेल्या, ३.१२ त्या उचलतच नाही. ते सगळं काढ, नवा व्हीएन्व्ह कर. लायब्ररी टाकताना नुसतं 'पिप' (लायब्रऱ्या इन्स्टॉल करायचं टूल) लिहू नकोस, 'पायथन -एम पिप' लिही, म्हणजे त्याच पायथनमध्ये बसतं. नमपाय १.२६ च्या खालचं मागू नकोस. जुनं मागितलंस की पिप सोर्समधून बांधायला जातं आणि तिथंच अडकतं.

राजारामपुरी_९वी_गल्ली: कशाला एवढं? ३.१० परत टाक. दोन्ही एका मशीनवर राहतात, पाय लाँचरनं ('पाय' कमांड, पायथनची आवृत्ती निवडायला) पाहिजे ते चालव. डिस्टयुटिल्स ३.१२ मधनं काढूनच टाकलंय.

उद्यमनगर_टर्नर: मी पण तेच म्हणतो, ३.१० टाक. आणि एसएसडी घेच.

रंकाळा_कोडर: सेटअपटूल्स (वेगळं पॅकेज) इन्स्टॉल कर, डिस्टयुटिल्स त्यातनं मिळतं. तरी ३.१० च बरं.

शिरोली_सेकंड_शिफ्ट: सीपी३१० च निघालं! सर्व्हिसवाल्यानं अख्खा फोल्डर कॉपी केला होता. नवा व्हीएन्व्ह केला, नमपाय लोड झालं. क्यूसी साहेब, लई उपकार झाले. ३.१० मात्र परत टाकत नाही. त्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, पुन्हा हेच दुखणं नको. सेटअपटूल्सही नको. डिस्टयुटिल्समधलं एकच फंक्शन वापरलं होतं, स्ट्रटूबूल. सेटिंग फाईलमधलं 'यस'-'नो' ओळखायला. त्याच्या जागी दोन ओळी स्वतः लिहिल्या.

गोकुळ_शिरगाव_क्यूसी: छान केलंस. पांडाज (तक्त्यांची लायब्ररी) पण नवं आलं असेल. त्यातल्या डेटाफ्रेमचं (तक्त्याचं) अपेंड, म्हणजे ओळी जोडायचं फंक्शन, २.० पासून नाही.

शिरोली_सेकंड_शिफ्ट: तिथंच अडकलंय आत्ता. त्याच्या जागी कॉनकॅट (तक्ते जोडायचं फंक्शन) लावतोय. काट्याचं पोर्ट उघडलंय, वजन येतंय.