सल्ला हवा: लोराच्या (कमी पॉवरवर लांब पोचणारा रेडिओ) इव्हॅल्युएशन बोर्डांची घरी चाचणी, बजेट 6000

औसा_पंप: विहिरीपासून घर दीड किलोमीटर, मधे ऊस. मोटरसाठी एसएक्स1262 या लोरा चिपचे दोन 868 मेगाहर्ट्झवाले बोर्ड आणलेत. तपासायला काय घेऊ? 6000 च्या वर जमणार नाही.

वाळूज_बेंच: स्पेक्ट्रम ॲनालायझरच (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल ते दाखवणारा) घ्या, जुना का असेना. लाखाच्या आसपास जाईल, पण आयुष्याचं काम होतं. मी त्याच्याशिवाय बोर्डाला हात लावत नाही.

नांदेड73: त्यांनी 6000 लिहिलंय साहेब. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचा छोटा मीटर) घ्या, माझा रोज वापरात आहे. आधी 850 ते 880 रेंज लावा, मग केबलच्या टोकाला ओपन, शॉर्ट, लोड हे तुकडे एकेक लावून कॅलिब्रेशन. नंतर रेंज बदलली तर पुन्हा करा. अँटेना हातात धरून मोजू नका, आकडा हलतो. आणि चालू बोर्ड त्याला कधीच जोडायचा नाही. त्याची पॉवर 22 डीबीएमपर्यंत, म्हणजे जवळपास 160 मिलिवॅट, मीटरचा पोर्ट जाईल.

बीड_शेतकरी: एवढा खटाटोप कशाला? मोबाईल ऑटो बसवा. आमच्याकडं लाईट आली की मोटर आपोआप चालू.

औसा_पंप: विहिरीवर मोबाईलला रेंजच नाही दादा, म्हणून तर करायलोय.

बीड_शेतकरी: मग सिम बदला. आमच्या शिवारात दुसऱ्या कंपनीचं फुल चालतंय.

परभणी_लॅब: पॉवर द्यायच्या आधी अँटेना किंवा 50 ओहमचा लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा) लावा, नाहीतर आउटपुट स्टेज जाऊ शकते. आमच्या पोरांनी वायफायची अँटेना लावली होती. आटे नीट बसले, पण ती आरपी-एसएमए, म्हणजे एसएमए कनेक्टरचाच पिन-भोक उलट असलेला प्रकार. बोर्डाच्या सॉकेटला भोक, अँटेनालाही भोक, मधे पिनच नाही. दिवसभर कोड तपासत बसली! दुसरं, नमुना कोडमधे 868 असतं. आपल्याकडं परवान्याशिवाय 865 ते 868, म्हणजे 868 अगदी कडेवर येतं. 865.0625 ठेवा.

वाळूज_बेंच: अँटेनाशिवाय चालू करू नका. ॲनालायझर असता तर फ्रिक्वेन्सी लगेच दिसली असती.

नांदेड73: परभणीच्या ताईंनी तेच सांगितलंय. आणि 865 साठी अँटेनाही तपासायला लागेल, म्हणून नॅनोव्हीएनए.

जालना_सोल्डर: दोन बोर्ड केबलनं थेट जोडू नका, रिसीव्हर जाईल. मधे 30 डीबीचे दोन ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारे) टाका. मी घट वाढवत नेली तरी पॅकेट येतच राहिली. बोर्ड हवेतून ऐकत होते. एक बोर्ड बॅटरीसकट स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं, फक्त केबल बाहेर काढली, तेव्हा खरी मर्यादा दिसली.

औसा_पंप: सगळ्यांचे आभार. मीटर कोणताच घेत नाही. ॲटेन्युएटर, 50 ओहमचा लोड, चांगली केबल आणि 865 च्या दोन एसएमए अँटेना मागवल्या. आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती वर-खाली) चिपच सांगते. एसएफ12 (लोराची सगळ्यात संथ, लांब पोचणारी सेटिंग) वर सिग्नल नॉइजच्या 20 डीबी खाली गेला तरी वाचता येतो. मला विहिरीवरून घरी पॅकेट पोचतं का एवढंच बघायचंय. उरलेल्या पैशात पाईप घेऊन अँटेना उसाच्या वर चढवतो.

नांदेड73: अँटेना न मोजता पाईप? पटत नाही.

परभणी_लॅब: रीडिंग ऊस उभा असतानाच घ्या, एकदा पाऊस पडून गेल्यावर पण. तोडणीनंतरचे आकडे धरू नका.